जुन्या सिव्हिकसाठी दोन इंजिनांचं एक बांधू, की कंपनीचं अख्खं इंजिन बसवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९९९ ची होंडा सिव्हिक डीएक्स हॅचबॅक. मूळचं १.६ लिटर, १०६ हॉर्सपॉवरचं इंजिन रिंगा गेल्यामुळे तेल खायला लागलंय. मित्राकडे होंडाच्याच इंटेग्रा एलएस गाडीचा १.८ लिटरचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग) पडून आहे आणि तो जवळपास फुकट मिळतोय. त्यावर होंडाच्या १.६ लिटरच्या बी१६ इंजिनाचं व्हीटेक हेड (व्हॉल्व आणि कॅम असलेला वरचा भाग; व्हीटेक म्हणजे वरच्या आवर्तनांत मोठ्या कॅमवर जाणारी होंडाची यंत्रणा) चढवून हायब्रिड इंजिन बांधावं, की इंटेग्रा जीएसआर किंवा सिव्हिक एसआयचं पूर्ण इंजिन आणून बसवावं? (हायब्रिड म्हणजे इथे बॅटरीवाली गाडी नव्हे. दोन वेगळ्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड जोडून केलेलं इंजिन, ज्याला होंडावाले एलएस-व्हीटेक म्हणतात.) आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की राहायला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आहे, गाडी एकच आहे आणि रोज ८८० हायवेवरून ऑफिसला जावं लागतं.

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. कुठलं इंजिन जास्त ताकद देईल यावर खूप चर्चा होते, पण तुमची गरज वेगळी आहे. सोमवारी सकाळी सुरू होणारी, दर दोन वर्षांनी स्मॉग (धुराच्या) चाचणीतून सुटणारी आणि मूळच्यापेक्षा बरीच जोरकस अशी एक गाडी तुम्हाला हवी आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर माझं उत्तर सरळ आहे: कंपनीचं अख्खं इंजिन बसवा. मी बोरिंग-होनिंग शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आता कॅलिफोर्नियात मशीन शॉपमध्ये काम करतो, आणि होंडाची बी मालिका माझ्या टेबलावर कायम असते. हायब्रिड इंजिनं मी बांधून दिली आहेत, आवडीने बांधली आहेत. तरीही तुम्हाला ‘नको’ का म्हणतोय ते नीट सांगतो.

आधी आकडे बघू. एलएसच्या ब्लॉकमध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८९, म्हणजे १८३४ सीसी. जीएसआरचं बी१८सी१ इंजिन ८१ बाय ८७.२, म्हणजे १७९७ सीसी. फरक ३७ सीसीचा. जीएसआर कंपनीतून निघतानाच १७० हॉर्सपॉवर आणि १२८ पाउंड-फूट टॉर्क देतं. एलएस १४० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि १२७ पाउंड-फूट. म्हणजे ‘१.८ चा ब्लॉक आणि वर व्हीटेक हेड’ ही कल्पना होंडाने स्वतःच करून ठेवली आहे, तिचं नाव जीएसआर. तुम्ही हायब्रिड बांधून जे गाठायला निघालात ते ३७ सीसी कमी घेऊन, पण पूर्ण तपासून, बाजारात आधीच आलेलं आहे. हायब्रिडचा मूळ फायदा एवढाच होता की एकेकाळी जीएसआरचं इंजिन महाग आणि एलएसचे ब्लॉक भंगारात ढिगाने मिळायचे. त्या काळी त्या हिशोबाला अर्थ होता.

आता ब्लॉकच्या आतलं बघू. एलएसची रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरवायची कमाल मर्यादा, मिनिटाला ६८०० आवर्तनांची, जीएसआरची ८०००. तुम्ही व्हीटेक हेड लावणार ते वरच्या आवर्तनांसाठीच, कारण व्हीटेकचे मोठे कॅम लोब (व्हॉल्व उघडणारे उंचवटे) खरं काम तिथेच करतात. ६८०० वर न थांबता ८००० पर्यंत गेलात तर वेग १८ टक्क्यांनी वाढतो, पण पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरताना कनेक्टिंग रॉडला जी ओढ बसते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जवळपास ३८ टक्के जास्त. ही सगळी ओढ शेवटी येते रॉडच्या दोन बोल्टांवर. एलएसच्या हायब्रिडमध्ये आधी जीव सोडतात ते हे बोल्टच, आणि बोल्ट तुटला की रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

कोणी म्हणेल, जीएसआरचा स्ट्रोकही जवळपास तेवढाच आहे, मग त्याला कसं चालतं? प्रश्न बरोबर आहे. ८००० आवर्तनांना एलएसच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३.७ मीटर येतो, जीएसआरचा २३.३. फरक नगण्य आहे. पण जीएसआरच्या ब्लॉकमध्ये पिस्टनच्या पोटावर खालून तेल मारणारे जेट आहेत, मेन बेअरिंगच्या कॅप एकमेकींना बांधून ठेवणारी गर्डल आहे, रॉड त्या वेगासाठी केलेले आहेत. एलएसच्या ब्लॉकमध्ये ना जेट, ना गर्डल. होंडाने तो ब्लॉक ६८०० साठी बनवला आणि तेवढ्यासाठी तो अतिशय चांगला आहे. कित्येक एलएस इंजिनं मी उघडली आहेत जिथे दोन लाख मैलांनंतरही सिलिंडरवर होनिंगच्या रेघा दिसतात.

मग जोडणी. व्हीटेक हेडला कॅम आणि रॉकरसाठी (कॅमच्या रेट्याने व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्यांसाठी) तेल ब्लॉकमधून एका ठरावीक भोकातून येतं. एलएसच्या ब्लॉकमध्ये त्या जागी तेलाची वाट नाही. म्हणून हेडच्या खालच्या पृष्ठभागावरचं ते भोक आटे पाडून प्लगने बंद करायचं, हेडच्या बाजूला नवीन आटे पाडायचे आणि ब्लॉकच्या मागे ऑइल प्रेशर सेंडर असतो तिथून टी-जोड काढून बाहेरून तेलाची नळी वर न्यायची. डॉवेल पिनांच्या (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांच्या) जागा जुळत नाहीत, त्याही दुरुस्त करायच्या. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकमेकांशी जुळणारे हवेत, कारण पंपाच्या पुलीचे दात वेगळे असतात. यातलं काहीही अवघड नाही, जोडणीचे किट तयार मिळतात. पण ती बाहेरची नळी म्हणजे तुमच्या कॅमशाफ्टचा एकमेव तेलपुरवठा आहे. ती एक्झॉस्टजवळून गेली, किंवा जोड थोडा तिरका बसून हळूहळू झिरपला, तर त्याचा पत्ता लागेपर्यंत कॅम आणि जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) खरवडलेले असतात.

पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यातलं अंतर मी नेहमी मातीने तपासतो. मॉडेलिंग क्लेचे छोटे तुकडे पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्वच्या खाचांत ठेवायचे, वर किंचित तेल लावायचं, वापरलेलं गॅस्केट ठेवून हेड पूर्ण टॉर्कने आवळायचं, टायमिंग लावायचं आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवायची. व्हीटेकचा मोठा लोब काम करेल अशा रीतीने रॉकर एकमेकांत अडकवून मगच, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. बरेच जण हीच पायरी विसरतात आणि छोट्या लोबवर मोजून निश्चिंत होतात. मग हेड काढायचं, दाबलेली माती धारदार पात्याने मधोमध कापायची आणि कापलेल्या कडेची जाडी मोजायची. इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर यापेक्षा कमी दिसलं तर मी ते इंजिन पुढे जाऊ देत नाही. हेड एकदा फेसिंग केलेलं (खालचा पृष्ठभाग घासून सपाट केलेलं) असेल तर हे अंतर आणखी कमी झालेलं असतं, आणि भंगारातून आणलेलं बी१६ चं हेड आधी किती वेळा फेसिंगला गेलंय हे कोणालाच माहीत नसतं.

हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की ‘ब्लॉक फुकट आहे’ या वाक्यात पुढचं काहीच मोजलेलं नसतं. ब्लॉक मोजायचा, गरज पडली तर ओव्हरसाइज बोअर करून होनिंग, नवीन पिस्टन-रिंगा, चांगले रॉड बोल्ट, आणि बोल्ट बदलले की रॉडचं मोठं तोंड पुन्हा गोल करून घ्यायचं, क्रँकचं पॉलिश, नवीन बेअरिंग शेल, ऑइल पंप, हेडचे व्हॉल्व सीट, गाइड आणि सील, हेड स्टड, जोडणीचं किट, बेल्ट, पंप, गॅस्केटचा पूर्ण सेट. यानंतर ट्यूनिंग. जीएसआरचं चांगलं वापरलेलं इंजिन घेतलं तर यातली बहुतेक कामं करावीच लागत नाहीत.

होंडाच्या कारखान्यात बेअरिंग कसं निवडतात ते बघा. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचा आणि रॉडच्या प्रत्येक तोंडाचा मापानुसार एक कोड असतो. ते दोन कोड कोष्टकात जुळवायचे आणि त्यातून बेअरिंगचा रंग ठरतो: निळा, काळा, तपकिरी, हिरवा, पिवळा वगैरे. एका रंगापासून दुसऱ्या रंगापर्यंत जाडीत मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा फरक. तेलाची फट ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरच्या पट्ट्यात ठेवायची म्हणून हा सगळा उद्योग. एकाच इंजिनात चार रॉडना दोन-तीन वेगवेगळ्या रंगांची बेअरिंग सापडतात. ज्याने ब्लॉक उघडून बेअरिंग आणि कॅप टेबलावर गठ्ठ्याने ठेवले, त्याने ही सगळी जुळणी एका मिनिटात मोडलेली असते. तुमच्या मित्राचा ब्लॉक उघडलेला आहे की बंद, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उघडलेला असेल तर तो फुकट घेऊनही महाग पडेल.

ट्यूनिंगबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे अनेकांचा गैरसमज असतो. होंडाची ही इंजिनं आत येणारी हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब, आवर्तनं आणि तापमान यांवरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अंदाज बांधतो की एवढी हवा आत गेली असेल, आणि त्या इंजिनासाठी आधीच भरलेल्या तक्त्यातून पेट्रोलचं प्रमाण उचलतो. म्हणजे तो तक्ता त्या विशिष्ट इंजिनाच्या श्वासाचा असतो. बी१६ चा ईसीयू १५९५ सीसीच्या हिशोबाने पेट्रोल देणार आणि तुमच्या इंजिनात १८३४ सीसीची हवा जाणार. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवून फक्त तक्त्यावर चालतो, मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी भडकणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड फुटते. म्हणून हायब्रिडला डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवून स्वतंत्र ट्यून हा खर्च टाळता येत नाही. त्यासाठी लोक जुन्या पद्धतीचा, १९९५ पर्यंतच्या गाड्यांचा ईसीयू कन्व्हर्जन हार्नेस लावून वापरतात. तुमची अडचण इथून सुरू होते.

कॅलिफोर्नियात इंजिन बदललं की गाडी साध्या स्मॉग केंद्रातून सुटत नाही. राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या रेफरीकडे, म्हणजे अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडे, जावं लागतं. नियम ऐकायला सोपे आहेत: बसवलेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, ते ज्या गाडीतून आलं त्या गाडीचं सगळं उत्सर्जन-नियंत्रण सोबत हवं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ पकडणारा कॅनिस्टर आणि त्याच इंजिनाचा ईसीयू, आणि १९९६ पासूनच्या गाडीत ओबीडी-२ (गाडीची स्वतःची दोष-तपासणी यंत्रणा) पूर्ण चालू हवं. एअर इनटेक किंवा हेडरसारखा बाहेरचा भाग लावला असेल तर त्यावर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा परवाना क्रमांक हवा. हे सगळं जुळलं की रेफरी गाडीवर लेबल लावतो आणि पुढच्या वेळी कुठल्याही केंद्रात चाचणी होते. त्यात तुमची गाडी १९९९ ची, त्यामुळे नुसतं ओबीडीला प्लग लावून सुटका नाही, बे एरियात रोलरवर चालवून धूरही मोजतात. एलएसचा ब्लॉक आणि बी१६ चं हेड अशी गाडी होंडाने अमेरिकेत कधी विकलीच नाही, म्हणून रेफरीकडे जुळवून बघायला प्रमाणित असं काहीच नसतं. कितीही स्वच्छ चाललं तरी त्याला मान्यता मिळण्याचा रस्ता नाही. ज्या राज्यांत तपासणी नाही तिथले लोक वेगळा सल्ला देतील आणि तो त्यांच्या जागी योग्यही असेल. पण तुम्ही फ्रीमाँटला आहात.

इथवर आलो तर हिशोब असा होतो: हायब्रिडमधून मिळणारी ताकद जीएसआरमध्ये तयार आहे, ‘फुकट’ ब्लॉकचा खर्च शेवटी अख्ख्या इंजिनाच्या जवळ जातो, आणि रस्त्यावरची मान्यता फक्त कंपनीच्या इंजिनाला मिळते.

म्हणून हायब्रिड कधीच बांधू नये असं मात्र नाही. गाडी फक्त ट्रॅकची असेल, टर्बो लावायचा असेल आणि त्यासाठी स्लीव्ह, फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड असं सगळं नव्याने येणारच असेल, तर एलएसचा ब्लॉक हा उत्तम पाया आहे. जे भाग कमकुवत ते तुम्ही फेकूनच देणार आहात. टर्बोवाल्याला ८००० आवर्तनांची गरजही नसते, त्याची ताकद खालीच येते. नंतरच्या के मालिकेत तर के२४ च्या ब्लॉकवर के२० चं हेड हा अगदी रुळलेला प्रकार आहे, कारण तिथे तेलाच्या वाटा जुळतात आणि बाहेरून नळी न्यावी लागत नाही. तिथेही वरच्या आवर्तनांसाठी के२४ चा बॅलन्स शाफ्टवाला ऑइल पंप काढून के२० चा लावावा लागतो, पण एकूण जोडणी साफ आहे. दुसरी गाडी रोजच्या वापराला असेल आणि ही गाडी महिनोन्‌महिने स्टँडवर राहिली तरी चालत असेल, तर हायब्रिड बांधताना जे शिकायला मिळतं ते इतर कुठल्याही मार्गाने मिळत नाही. इंजिन स्वतः मोजून बांधण्याचं सुख मला ठाऊक आहे आणि तुमच्या लिहिण्यातही त्याची ओढ दिसते. म्हणून सांगतो, तो ब्लॉक घ्या. फक्त या गाडीच्या तोंडी देऊ नका. गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर लावा आणि डायल बोअर गेज हातात घेऊन सावकाश शिका.

आता कंपनीच्या इंजिनात जीएसआर की एसआय? १९९९-२००० ची सिव्हिक एसआय ही तुमच्याच पिढीची गाडी. तिचं बी१६ए२ इंजिन १६० हॉर्सपॉवरचं, आणि माउंट, ॲक्सल, गिअर लिंकेज, हार्नेस, ईसीयू हे सगळं एसआयचं आणलं तर कारखान्यातून आल्यासारखं बसतं. वायरिंगचा त्रास सर्वात कमी. उणीव एकच: टॉर्क १११ पाउंड-फूट. ८८० वर संध्याकाळच्या थांब-चल गर्दीत ते इंजिन सुस्त वाटेल. जीएसआरमध्ये त्या ठिकाणी स्पष्ट फरक जाणवतो. मात्र जीएसआरसाठी डीएक्सच्या हार्नेसमध्ये व्हीटेक सोलेनॉइड, ऑइल प्रेशर स्विच, नॉक सेन्सर आणि इनटेकमधल्या दुय्यम झडपा यांच्या वायरी वाढवाव्या लागतात. वायरिंग डायग्राम वाचता येत असेल तर शनिवार-रविवारचं काम आहे. मी तुमच्या जागी असतो तर जीएसआर घेतलं असतं, १९९९ ते २००१ मधलंच. आणि ब्रेक विसरू नका. डीएक्सला मागे ड्रम आहेत, एसआयला चारही डिस्क. ताकद साठ टक्क्यांनी वाढवून ब्रेक तेच ठेवणं मला पटत नाही.

जपानहून आलेली इंजिनं स्वस्त आणि कमी चाललेली असतात असं तुम्हाला विक्रेते सांगतील. तिथल्या शाकेन तपासणीच्या खर्चामुळे लोक गाड्या लवकर काढतात हे खरं आहे, त्यामुळे चांगली इंजिनंही येतात. पण सुट्या इंजिनासोबत मीटर येत नाही. शिवाय जपानी बी१८सी आणि अमेरिकी बी१८सी१ अगदी एक नाहीत, आणि रेफरी जुळवतो ते अमेरिकेत विकलेल्या इंजिनाशी. तुमच्यासाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही.

इंजिन बघायला जाल तेव्हा व्हॉल्व कव्हर काढायला सांगा. आत मधासारखा पिवळसर पातळ थर असेल तर ठीक, काळी दाट वडी जमली असेल तर तेल वेळेवर बदललेलं नाही. कॅम लोबवर बोट फिरवा, कड लागता कामा नये. मग लीक-डाउन चाचणी करा: सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कुठलाही सिलिंडर इतरांपेक्षा खूप वेगळा दिसला तर ते इंजिन सोडून द्या. सगळं ठीक असलं तरी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची मागची सील आणि क्लच इंजिन बाहेर असतानाच बदला. आत गेल्यावर हीच कामं कित्येक पट मेहनतीची होतात.

आणि पैसे देण्याआधी ज्या गाडीतून इंजिन काढलंय तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लेखी घ्या, इंजिनावरचा क्रमांक आणि ईसीयूवरचं लेबल यांचे फोटो काढा. वर्ष त्यावरूनच सिद्ध होतं आणि रेफरीपुढे तेच दाखवावं लागतं. विक्रेता व्हीआयएन द्यायला टाळाटाळ करत असेल तर किंमत कितीही चांगली असो, दुसरं इंजिन शोधा.